मॅडमची मान

आमच्या कोपऱ्यावरचा घड्याळजी एका डोळ्याला भिंग लावून, मान वाकडी करून माझं घड्याळ उघडत होता. त्याला बघून मला आमच्या मॅडम आठवल्या. मेंदूच्या पेशींचा अभ्यास करता करता, सूक्ष्मदर्शकावर वाकून वाकून त्यांची मान अशीच कायमची कलली होती.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. माइक आणि मी, मग काय विचारता! देशोदेशीचे विद्यार्थी उठून सांगत होते की मॅडमच्या संशोधनातून त्यांना आयुष्यभर पुरेल असा अभ्यासाचा प्रश्न सापडला. मी तर दुसऱ्याच वर्षी प्रयोगशाळा सोडलेली. सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मान वाकडी केली, एक डोळा मिटला आणि मॅडम चहाच्या कपात साय कशी शोधतात ते करून दाखवलं. सभागृह हसून लोटपोट!

मॅडम माइकपाशी आल्या. "हुबेहूब रे! चला, माझ्याकडून एवढं तरी घेतलंस."

लोक पुन्हा हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. एका माणसाचं काम किती जणांत झिरपतं. कुणात चिकाटी, कुणात शंका. माझ्यात उतरली ती फक्त नक्कल.

"मान दुखत नाही का हो तुमची?" मी घड्याळजीला विचारलं.

"दुखते की. रोज दुखते."

नकलेसाठी मॅडमची मान मी इतकी निरखली होती. हा प्रश्न मात्र त्यांना कधीच विचारला नव्हता.