लाल नाव, सोनेरी नाव

परवा ऑफिसमधून जरा लवकर निघाले. मॅनेजरने कारण विचारलं, तर म्हटलं, शेजाऱ्यांचं नाव रंगवायचंय. त्याला काही कळलं नाही... मीही समजावत बसले नाही.

आमच्या अल्बनीच्या घराशेजारी लाम आजोबा राहायचे, मूळचे हाँगकाँगचे. त्यांच्याकडे चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवमीला चुंग यंग नावाचा सण असतो, आपल्या खंडेनवमीच्या आसपास. सगळं घर टेकडी चढतं, आपल्या माणसांच्या थडग्यांभोवतीचं गवत काढतं, तीनदा वाकतं आणि तिथेच बसून खातं.

तिकडे या दिवशी सरकारी सुट्टी असते. इथे आपल्याला सुट्टी मिळते ती राजाच्या वाढदिवसाची... आणि तोही त्याचा खरा वाढदिवस नव्हे!

गेल्या वर्षी आजोबांचे गुडघे पार गेले होते. एकुलता एक मुलगा समुद्रापलीकडे पर्थला, त्याला रजा नाही. म्हणून मी गाडी काढली. मंडळात श्राद्धपक्षाविरुद्ध घसा फोडून बोलणारी मी, वाटेत रूढींवर सुरू झालेच. आजोबा म्हणाले, "लेक्चर उतरताना दे. आता हात दे."

वर एकाच दगडावर दोन नावं होती. आजींचं सोनेरी आणि शेजारी आजोबांचं स्वतःचं, लाल रंगात. लाल म्हणजे हा माणूस अजून आहे. तो लाल फिका पडला होता आणि आजोबांना गुडघे टेकून बसता येत नव्हतं. मग चिनी अक्षर ओ की ठो न कळणाऱ्या मी त्या खाचांमधून ब्रश फिरवला.

संत्री खाऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून सोनेरी रंगाचा डबा काढून माझ्या हातात दिला. "पुढे हा लागेल. मुलाला सुट्टी मिळाली नाही, तर तू ये."

मी फक्त बरं म्हटलं.

आजोबा जुलैमध्ये गेले. मुलगा आला, सगळं नीट केलं आणि रजा संपली म्हणून परत गेला. दगडावरचं नाव लालच राहिलं... जणू म्हातारा अजून शेजारी राहतोय.

परवा चुंग यंगला मी डबा घेऊन टेकडीवर गेले. तिकडचा शरद म्हणजे आपला इथला वसंत, त्यामुळे ओनियन वीड नावाचं तण माजलं होतं. ते उपटून हाताला कांद्याचा वास लागला. मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन संत्र्यांना टेकवून ठेवला. इथे संध्याकाळचे पाच वाजले होते, पाच तास मागे पर्थला त्याचा लंच ब्रेक. तो कामाच्या कपड्यांतच कार पार्कमध्ये उभा होता.

मी रंगवत होते, तो बघत होता. शेवटच्या अक्षराशी आल्यावर त्याने विचारलं, "आंटी, हे काय लिहिलंय, माहितीये तुम्हाला?"

नाही म्हटलं. मग त्याने एकेका अक्षरावर थांबत वडिलांचं पूर्ण नाव वाचून दाखवलं. लाम क्वोक वाय. इतकी वर्षं कुंपणावरून गप्पा मारल्या, पण हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

त्याने फोन गाडीच्या बॉनेटवर ठेवला, मागे सरकला आणि तीनदा वाकला. मागून कोणीतरी ट्रक रिव्हर्स घेत होतं, त्याचा बीप बीप आवाज चालू होता. मग फोन उचलून म्हणाला, "आंटी, जावं लागेल. ब्रेक संपला."

माझी मतं बदललेली नाहीत. मेलेला माणूस जेवायला येत नाही, हे मी उद्याही माइकवरून सांगेन. पण जिवंत माणसाला आपल्या बापापुढे वाकायला एक अख्खा दिवस मिळायला हवा, हेही तितक्याच जोरात सांगेन.

उतरताना लेक्चर द्यायचं ठरलं होतं, आजोबा... परवा सगळी टेकडी उतरले, तोंडातून एक शब्द फुटला नाही.