रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल?

मराठी माणसानं काही विकत घ्यायचं ठरवलं की किस्से आपोआप जमायला लागतात. घेणारा एक असतो, सल्ला देणारे दहा असतात, आणि वस्तू घरी येईपर्यंत सगळ्यांचीच थोडीथोडी शोभा होते. आमच्या अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या ग्रुपकडे मिनीव्हॅनचे किस्से आहेत, सोलर पॅनलचे आहेत, एका डिशवॉशरचे तर इतके आहेत की तो डिशवॉशर बिचारा त्यात झिजला. पण गेल्या वर्षभरात जमले ते बंदुकीचे! माझी पुण्याची बहीण फोनवर म्हणाली, "तुम्ही तिकडे जाऊन गुंड झालात का गं?" तिला काय सांगणार? आम्ही तेच आहोत, शनिवारी सकाळी पोहे खाऊन बाहेर पडणारे. फक्त आता पोहे खाऊन शूटिंग रेंजवर जातो.

आधी माणसं सांगते. श्रीधर आणि वैशाली आमचे मागच्या घरातले शेजारी. दोन्ही घरांची बॅकयार्ड लागून, मधे कुंपण नाही. श्रीधर डेटा सेंटरमध्ये काम करतो, वैशाली घरून. इकडे मी आणि माझा नवरा प्रमोद, आणि सहा महिन्यांसाठी नागपूरहून आलेली माझी आई. तिला सगळे काकू म्हणतात.

आई यायच्या आधी, मार्चमध्ये, भर दुपारी श्रीधरकडे चोरी झाली. मागच्या लाकडी डेकवरचं सरकतं दार उचकटून दोघं आत शिरले आणि देवघराखालचं सोनं घेऊन गेले. वैशाली वरच्या बाथरूममध्ये कडी लावून बसली होती, खाली एकेक कपाट उघडल्याचा आवाज ऐकत. तिला कुणी हात लावला नाही. पण त्या दिवसापासून ती घरात एकटी राहीना. श्रीधर ऑफिसला निघाला की हीसुद्धा लॅपटॉप उचलून लायब्ररीत जाऊन बसायची. हे घर तिनं किती हौसेनं लावलं होतं! आता म्हणायची, "अंजूताई, आम्ही विकतोय बहुतेक." मला फार वाईट वाटायचं.

ते दोघं व्हिसावर होते तोवर बंदुकीचा विषयच नव्हता, कायद्यानं घेता येत नाही. आता ग्रीन कार्ड आलं होतं. श्रीधर म्हणाला, "घेऊ या." आणि सुरू झालं.

*

दुकानातल्या पांढऱ्या दाढीच्या माणसानं पहिलाच प्रश्न टाकला, "कॅरी ऑर रेंज?" म्हणजे रोज अंगावर बाळगायला हवी की रेंजवर सरावाला? लोक दोन्हींसाठी वेगवेगळ्या घेतात म्हणे. श्रीधर म्हणाला, "बोथ!" एकाच कढईत भजी तळून भाजीही करणारं घर आहे ते.

त्यानं काउंटरवर दोन बंदुका ठेवल्या. एक पिस्तूल, चपटं, मुठीत गोळ्यांचं मॅगझिन सरकवायचं. चाप अगदी हलका. दुसरं रिव्हॉल्व्हर, मधे गोल फिरणारं चक्र, त्यात पाच गोळ्या. त्याचा चाप मात्र लांब आणि जड. ओढत न्यावा तसा मागचा घोडा हळूहळू उठतो, पार मागे जातो आणि मग पडतो, तेव्हा गोळी सुटते.

प्रमोद पिस्तूलवाला. त्याच्याकडे आधीपासून एक आहे, आणि ज्याच्याकडे जे असतं तेच जगात सर्वोत्तम असतं. तो म्हणाला, "पाच गोळ्यांत काय होतं यार?"

वैशालीनं रिव्हॉल्व्हर जवळ ओढलं. ती म्हणाली, "प्रमोददादा, माझ्याकडे दोघंच आले होते."

मग श्रीधरनं हळूच विचारलं, "रिटर्न पॉलिसी काय आहे?" दाढीवाला त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, यू शूट इट, यू ओन इट!"

त्या दिवशी आम्ही काहीही न घेता परत आलो.

*

मग ठरलं की रेंजवर दोन्ही चालवून बघायच्या. तिथे शिकवायला डोना. पूर्वी शाळेची बस चालवायची, आणि मागच्या सीटवरच्या पोरांना गप्प बसवणारा आवाज अजून शाबूत आहे.

प्रमोदनं मोठ्या मनानं आपलं पिस्तूल वैशालीला दिलं. आता पिस्तुलाची खोड अशी, की प्रत्येक गोळीनंतर रिकामं काडतूस ते बाजूला उडवतं, तेही चांगलं तापलेलं. वैशालीनं घातला होता मोठ्या गळ्याचा कुर्ता. दुसऱ्याच गोळीचं काडतूस टुणकन उडालं आणि थेट गळ्यातून आत!

तिनं पिस्तूल समोरच्या टेबलावर ठेवलं, नळी पुढे करून, बोट बाजूला काढून. आणि मग नाचली! असा नाच आमच्या मंडळाच्या गणपतीत कधी झाला नाही. डोना हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, "आधी बंदूक खाली ठेवून मग नाचणारी तू पहिलीच. बाकी सगळे उलटं करतात."

रिव्हॉल्व्हर काडतुसं उडवत नाही, ती आतच राहतात. वैशालीनं ते चालवून पाहिलं आणि निकाल दिला, "हे बरं आहे. आपलं खरकटं आपल्याच पोटात ठेवतं."

श्रीधर कुरकुरला, "चाप किती जड आहे गं! बोट दुखतं."

"दुखू दे," वैशाली म्हणाली.

आणि रिव्हॉल्व्हर घेतलं.

*

बंदूक अंगावर बाळगायच्या परमिटसाठी क्लास करावा लागतो. डोनानं सांगितलं, गोळी ही शेवटची गोष्ट. आधी ओरडायचं. पोटातून! "स्टॉप! आय हॅव अ गन!" समोरचा भला माणूस असेल तर तो हात वर करून बोलेल. वाईट असेल तर बहुतेक पळेल.

श्रीधरची पाळी आली. सदाशिव पेठेत वाढलेला, ग्राहक सेवेत पहिली नोकरी केलेला माणूस. तो उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "एक्सक्यूज मी, आय हॅव अ गन, प्लीज."

डोना म्हणाली, "हनी, तू त्याला ती विकतोयस का?"

आमचं हसू थांबेना. वैशाली मात्र माझ्याकडे वाकून कुजबुजली, "अंजूताई, खरंच घाबरले तर मला इंग्लिश सुचेल का? मराठीतच ओरडले तर?"

प्रमोदचे कान तिखट. तो मागून म्हणाला, "चोर काय साताऱ्याचा असणार आहे?"

पुन्हा हशा. वैशालीही हसली, पण तिनं ते मनावर घेतलं. पुढचे कित्येक दिवस ती कारच्या काचा वर करून एकटी ओरडायची, "स्टॉप! आय हॅव अ गन!" सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक घाबरून दुसरीकडे बघायचे.

*

मग आई आली, आणि खंडेनवमी आली. आईला कळलं की दोन्ही घरांत हत्यार आहे. "घरात शस्त्र अन् पूजा नाही? असं कुठं असते काय बाप्पा!"

प्रमोदनं पिस्तूल रिकामं केलं, नियमाप्रमाणे वरचा भाग मागे ओढून उघडं ठेवलं, म्हणजे आत गोळी नाही हे सगळ्यांना दिसावं. श्रीधरनंही आपलं रिव्हॉल्व्हर आणलं. पाटावर दोन्ही मांडली, शेजारी माझी सुरी, प्रमोदचा ड्रिल आणि दोन लॅपटॉप. आईनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, आणि प्रमोद भक्तिभावानं हात जोडून उभा राहिला.

शनिवारी रेंजवर प्रमोदचं पिस्तूल चालेना. एक गोळी सुटली आणि अडकलं. डोनानं ते हातात घेतलं, रिकामं केलं, उलटं करून टेबलावर आपटलं. आतून काही बारीक पांढरं, काही लाल असं पडलं. तिनं चिमटीत धरून उजेडाकडे नेलं.

"इज दॅट राइस?"

प्रमोदला समजावून सांगणं जमेना. तो एवढंच म्हणाला, "इट्स अ ब्लेसिंग."

डोना म्हणाली, "वेल, युअर ब्लेसिंग इज जॅम्ड!"

शेजारच्या लेनमध्ये श्रीधरचं रिव्हॉल्व्हर मुठीवर कुंकवाचं बोट मिरवत बिनतक्रार चालत होतं. घरी आल्यावर आईला विचारलं तर ती म्हणाली, "तोंड वासून पडलं होतं. म्हटलं, अक्षता तिथंच वाहाव्या!"

*

आता बाळगण्याचा किस्सा. श्रीधरचं परमिट आलं आणि त्यानं ठरवलं की रिव्हॉल्व्हर रोज अंगावर ठेवायचं. पँटमध्ये पुढच्या बाजूला, वर सैल झब्बा. त्याच आठवड्यात आमच्याकडे सत्यनारायण होता.

श्रीधर आला आणि नेहमीप्रमाणे आईच्या पाया पडायला वाकला. अर्ध्यातच थांबला. ते गोल चक्र पोटात रुतलं! उभं राहता येईना, वाकता येईना, हात हवेतच. शेवटी त्यानं आईच्या गुडघ्याच्या आसपास कुठेतरी नमस्कार केला आणि सरळ झाला.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, चांगलं सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काहून गं, ग्रीन कार्ड आलं तर याची पाठच वाकेना झाली?"

बिचाऱ्याला खरं सांगता येईना. मांडी घालता येत नाही म्हणून पूजाभर भिंतीला टेकून उभा राहिला, प्रसादही उभ्यानंच खाल्ला. प्रमोद त्याच्या कानाशी जाऊन म्हणाला, "चपटं घे म्हणत होतो!"

दुसऱ्या दिवशी श्रीधरनं जाहीर केलं, "ज्यानं काकूंच्या पाया पडता येत नाही ते मला अंगावर नको." रिव्हॉल्व्हर वैशालीच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेलं, बोटाच्या ठशानं उघडणाऱ्या पेटीत.

आणि वैशाली लायब्ररीत जायची थांबली. घरी राहू लागली. पण मागच्या दाराचा जाड पडदा दिवसभर ओढलेला, आत दिवा लावून काम.

*

आईला तो पडदा बघवत नसे. "अंधारात काय करून राहिली ती पोरगी?" म्हणायची आणि बॅकयार्डातून तिकडे निघायची. नागपूरला आमच्या गल्लीत कुणी वाटी घेऊन आलं तर मागच्या दारानं येतं. बेल पाहुण्यांनी वाजवायची, असं तिचं म्हणणं. मी तिला दहादा बजावलं, "आई, पुढून जा. आणि ती मीटिंगमध्ये असते, तिचा आवाज येत असला तर मधे बोलू नकोस. नोकरीचा प्रश्न असतो."

"मी काय बोलून राहिले? चूप बसते," आई म्हणाली.

नोव्हेंबरमधल्या एका दुपारी वैशाली माझ्याकडे आली आणि किचनमध्ये उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना. मग तिनं सांगितलं.

सकाळी श्रीधर डेकवरून कचरा टाकायला गेला आणि तसाच ऑफिसला निघून गेला. मागचं दार उघडं राहिलं. दुपारी वैशाली काम करत होती, आणि दार सरकल्याचा आवाज आला.

पडदा आत फुगला. त्यात माणसाचा आकार.

"पेटी कधी उघडली कळलंच नाही," ती म्हणाली. "ओरडले मी. स्टॉप, आय हॅव अ गन! बरोब्बर आलं तोंडातून. आणि अंजूताई, तो आकार थांबला. पण बोलेना! काहीच बोलेना. मी पुन्हा ओरडले. तर तो हळूच, आवाज न करता, अजून एक पाऊल आत आला."

मी तिचा हात धरला.

"मी चाप ओढायला लागले. घोडा उठताना दिसत होता मला. अर्ध्यावर आला होता. बोट दुखत होतं. आणि तोंडातून आपोआप निघालं, 'कोण आहे?'"

आणि पडद्यातून उत्तर आलं, "अवं मी आहे! झाली काय मीटिंग? धर लवकर, हात भाजून राहिले माझे!"

वैशालीनं आधी रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवलं. पेटी बंद केली. मग पडदा बाजूला केला आणि आईच्या हातातलं कढीचं पातेलं धरलं.

आईला सांगायचं नाही, एवढं आम्ही दोघींनी ठरवलं.

रात्री जेवताना आई आपणहून म्हणाली, "आज वैशालीकडे गोळ्यांची कढी देऊन आली मी. दोन वाट्या प्याली, अन् रडली बिचारी. माहेरची आठवण आली असंल. पडदे उघडून दिले तिचे, म्हटलं उजेडात बस. म्हणे, राहू द्या काकू उघडे."

प्रमोदनं विचारलं, "मग? बाकी काय म्हणाली?"

आई भात कालवत म्हणाली, "बाकी काही नाही. पण तू तिला समजावून सांग गं अंजू. हापिसातल्या लोकांवर एवढं ओरडू नये."