कुंडाचा गार काठ

वेनकोट किल्ल्याच्या संग्रहालयात नोकरीला लागल्यापासून विनिफ्रेड येणाऱ्या-जाणाऱ्यांना एकच सांगत आली होती, "दगडाला हात लावू नका." गावातले चर्च पडल्यावर बाप्तिस्म्याचे जुने दगडी कुंड इथे आणले होते. ते तडकलेले होते, काठही फुटका होता. आज खास परवानगीने त्यात पितळी भांडे ठेवून तिच्या मैत्रिणीच्या, हेटीच्या, अशक्त पणतवाचा बाप्तिस्मा चालला होता.

पाद्रीबाबांनी बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतले. बाळ गप्पच.

हेटीचा चेहरा उतरला. बाप्तिस्मा संपायच्या आत बाळ रडले, तरच त्याच्यातला सैतान पळाला, असे गावात मानत. तिचा थोरला मुलगा रडला नव्हता. तो वर्षभरही जगला नाही.

"झोपलाय गं तो."

"डोळे टक्क उघडे आहेत, विनी! मला शिकवू नकोस."

पाद्रीबाबा शेवटची प्रार्थना म्हणू लागले. विनिफ्रेडने दाराकडे पाहिले, हेटीच्या हातातल्या बाळाचा मोजा काढला आणि उघडी टाच फुटक्या काठाच्या गार दगडावर टेकवली.

बाळाने असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरची माणसे धावत आली.

"दगडाला हात लावायचा नसतो ना गं?" हेटी डोळे पुसत म्हणाली.

"हात कुणी लावलाय?" विनिफ्रेड मोजा चढवत म्हणाली.