होन्नावरच्या खारफुटीत आईंनी तोंड उघडलं

समुद्र बघायचाय असं आमच्या घरात कुणीच म्हणालं नव्हतं. खरं कारण आधीच सांगून टाकते. मला पुन्हा रोज इलेक्ट्रॉनिक सिटीला ऑफिसात जावं लागणार होतं, म्हणजे मल्लेश्वरमहून जाऊन-येऊन चार तास. नवरा, मिलिंद, महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर. सासूबाई दिवसभर घरात एकट्या, आणि मध्यंतरी एकदा त्या बाथरूममध्ये घसरून पडल्याही होत्या. म्हणून आम्ही ठरवलं, चार दिवस किनारा फिरायचा, शेवटी कारवारला पुण्याहून थोरले भाऊजी येतील आणि आईंना घेऊन जातील. कायमचं. त्यांच्या सगळ्या साड्या गुपचूप डिकीत भरल्या. आईंना सांगायचं तेवढं राहिलं होतं!

अशा वेळी आमच्या घरी कन्नड कामाला येते. मी चामराजपेटेतली, चार पिढ्यांची. मिलिंद लग्नानंतर माझ्या अण्णांकडून शिकला. आई साताऱ्याच्या. तीन वर्षं इथे राहून ‘सरी’ (बरं) आणि ‘स्वल्प’ (थोडं) यापुढे त्यांची गाडी गेली नव्हती, त्यामुळे त्यांच्यासमोर बसून त्यांच्याबद्दलच बोलायची आमची फार छान सोय झाली होती.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी सहाच्या आत यशवंतपूर ओलांडा, नाहीतर तुमची अर्धी सहल तिथेच होईल. तुमकूरच्या अलीकडे क्यातसंद्रला तट्टे इडली खा. ताटलीएवढी असते, माणशी एक पुरते. मिलिंदने तीन खाल्ल्या आणि शिमोग्यापर्यंत जांभया दिल्या. गाडी मी चालवली. हे तो तुम्हाला सांगणार नाही.

जांभयांच्या मध्येच त्याने विचारलं, “अवरिगे यारु हेळतारे?” त्यांना कोण सांगणार?

“नीने हेळु,” मी म्हटलं. तूच सांग, तुझी आई आहे. वर मोठ्या शहाणपणाने हेही म्हटलं की आता घरी त्यांना सांभाळणं म्हणजे ‘तुंबा कष्ट’, फार अवघड. मागच्या सीटवर आई संत्रं सोलत होत्या. त्यांनी फोडी काढून आम्हा दोघांना पुढे दिल्या.

सागरहून होन्नावरला उतरणारा घाट शरावतीच्या अभयारण्यातून जातो. रस्ता अरुंद, झाडी दाट, आणि समोरून येणाऱ्या बसचा ड्रायव्हर रस्ता वडिलोपार्जित असल्यासारखा चालवतो. माकडांना खाऊ घालू नका. एका टपरीवर चहाला थांबलो. मालक कुणा गिऱ्हाईकाची कन्नडमध्ये चेष्टा करत होता, आणि आई खुदकन हसल्या. मला वाटलं, घाटाची हवा मानवली.

दुसऱ्या दिवशी होन्नावरची खारफुटी. शरावतीच्या मुखाशी या राखलेल्या झाडीतून लाकडी पायवाट केली आहे. तिकीट किरकोळ आहे, पण भरतीची वेळ विचारूनच जा, नाहीतर नुसता चिखल बघाल. बोटीचा भाव चढण्याआधी ठरवा. आमचा नावाडी साठीचा, गप्पिष्ट. मुळांच्या जंजाळाकडे हात करून म्हणाला, “इदु कांडला मरा, अक्का.”

हे कांदळाचं झाड. कन्नडमध्ये ‘मरा’ म्हणजे झाड. आई घाबरतील म्हणून मी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

“ई मरद बेरु याके मेले बंदिदे?”

या झाडाची मुळं वर का आली आहेत? अगदी मल्लेश्वरमच्या हेलात! नावाड्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. चिखलात श्वास घेता येत नाही म्हणून मुळं वर नाक काढतात, असं त्याने समजावलं, आणि आईंनी पुढचा प्रश्न विचारला. मिलिंदचा मोबाइल पाण्यात पडता पडता राहिला. मी मनातल्या मनात तीन वर्षांची उजळणी करत बसले. काय काय बोललो होतो आम्ही, देवा!

संध्याकाळी कासरकोडच्या किनाऱ्यावर गेलो. किनारा इतका स्वच्छ की शेंगांची टरफलं मी पर्समध्ये ठेवली. पलीकडे कासवांच्या अंड्यांभोवती जाळी लावलेली होती. मिलिंद तिकडे जो गेला तो परत यायचं नाव घेईना. आई त्याची, पण समोर बसायची वेळ माझ्यावर.

“आई, कन्नड कधी शिकलात?”

“तुम्ही माझ्याबद्दल बोलायला लागलात तेव्हा. ‘अवरु’, ‘त्या’, म्हणजे मीच, हे पहिल्या आठवड्यात कळलं. बाकीचं खालच्या सरोजाक्कांनी शिकवलं. ‘कष्ट’ हा शब्द मात्र शिकावा लागला नाही गं. तो आपल्यातही आहे.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागताना रडूच आलं.

“पुरे आता,” त्या म्हणाल्या. “तू दमतेस ते दिसतं मला. पण मला विचारायचंत तरी. दिवसभर मी सरोजाक्कांकडे बसेन. त्याही एकट्याच असतात. मी बोलून ठेवलंय कधीच.”

म्हणजे आम्ही जो गुंता सोडवायला चारशेहून जास्त किलोमीटर आलो, तो एका जिन्याच्या अंतरावर सुटलेला होता.

कारवारला भाऊजी रिकामी डिकी घेऊन हजर होते. आईंनी चार साड्या काढून घेतल्या, बाकीच्या आमच्याच गाडीत ठेवायला लावल्या. “महिनाभर येते,” भाऊजींना म्हणाल्या. “एवढा लांबून आलास, रिकामा कसा पाठवू?” मग सगळ्यांनी बांगड्याचं ताट जेवलं. कारवारला जाऊन मासे न खाणाऱ्यांनी हा ब्लॉग वाचू नये.

आता घरी येऊन दहा दिवस झालेत. पायवाट आठवते, किनारा आठवतो, पण ऑफिसातून आल्यावर दार आपणच उघडावं लागतं, हे जास्त जाणवतं. मिलिंद आणि मी घरात कन्नड बोलत नाही हल्ली. लाज वाटते.

काल पुण्याहून फोन आला. जाऊबाई शेजारीच असाव्यात, कारण आई एकदम कन्नडमध्ये सुरू झाल्या. इथली कॉफी म्हणजे नुसतं पाणी. सगळे चांगले आहेत, फार जपतात, बाथरूमलाही एकटीला जाऊ देत नाहीत. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, “नंगे मनेगे बरबेकु.”

मला घरी यायचंय.

त्या बसल्या होत्या थोरल्या लेकाच्या घरात, आणि घर म्हणत होत्या ते आमच्या घराला. महिना व्हायला अजून वेळ आहे. मिलिंदने त्यांचं तिकीट या रविवारचंच काढलंय.