बिया आणि बियाणं

कवडूजींनी केलेली चटणी सुनेने फेकून दिली, याचा राग त्यांच्या मनातून गेलेला नाही. फेकली ते बरोबरच केलं, हेही ते मानतात. तरी राग आहे तो आहेच.

त्यांची हयात डांबराच्या गँगमध्ये गेली. डांबर घाईने तापवलं की रस्ता उखडतो आणि शिव्या गँगला बसतात. त्यामुळे अर्धवट कामाची त्यांना भारी चीड. निवृत्त झाल्यावर शहराच्या कडेच्या बेसाला मुलाकडे राहायला आले, तेव्हा शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांनाही ते कठड्यावरून ओरडत.

यंदा बायको, कौशल्याबाई, टायफॉइडमधून उठली ती हाडांचा सापळा होऊन. भाकरीचा चतकोरही तिला जाईना. शेंगदाण्याने पित्त व्हायचं. डॉक्टर म्हणाले, सूर्यफुलाच्या बिया द्या. सून सोनिकाने सासऱ्यांना नीट समजावलं, "त्यात प्रथिनं असतात, ई जीवनसत्त्व असतं. अंगात ताकद येते. पण रोज मूठभरच हं बाबा, तेल फार असते त्यात."

"मी आणतो," कवडूजी म्हणाले. "चटणीही मीच करतो. तू ऑफिसले जाय."

ते शेतकऱ्याच्या घरचे. बी घ्यायचं तर कुठे, याचा त्यांना विचार करावा लागला नाही. थेट कृषी केंद्रात गेले आणि सूर्यफुलाचं बियाणं मागितलं.

"किती एकराले पाहिजे, काकाजी?"

"एकर कायचा गा? एका बाईले पाहिजे."

दुकानदार खो खो हसला आणि त्याने पिशवी पुढे सरकवली.

बी गुलाबी निघालं. रंग दिला असेल, हरभऱ्याच्या फुटाण्यांना नाही का देत, असं समजून त्यांनी ते पाणी नितळ येईपर्यंत धुतलं. वाळवलं. मग एकेक बी नखाने फोडून गर काढला. बोटं सोलवटली. मंद आचेवर, हात न थांबवता, गर तांबूस होईपर्यंत भाजला. भिवापुरी मिरची, लसूण, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात कुटला. मिक्सरला हात लावला नाही. सोमवारचा उपास म्हणून चवही पाहिली नाही.

कौशल्याबाईंनी घास मोडला, चटणीला लावला, आणि तेवढ्यात ऑफिसातून आलेल्या सोनिकाला कचऱ्याच्या डब्यात ती पिशवी दिसली. तिने झेप घेऊन सासूच्या हातातला घास काढला.

"बाबा! हे पेरायचं आहे! औषध लावलेलं! विषारी म्हणून लिहिलं आहे याच्यावर! आईंनी खाल्लं का? तुम्ही?"

"कोणी नाही खाल्लं. अन् मी धुतलं ना! पाणी साफ येईपर्यंत धुतलं!"

"रंग गेला असेल. विष जाते का धुऊन? मी बिया म्हटलं होतं."

"बिया अन् बियाणं, एकच तर!"

"एक नाही, बाबा. आधी साबणाने हात धुवा."

कवडूजींनी कोपरापर्यंत हात धुतले आणि रिकामी पिशवी घेऊन तडक दुकान गाठलं.

"काहून सांगितलं नाही गा मले? बाई मेली असती माही!"

"तुम्ही बियाणं मागितलं, मी बियाणं देलं. पिशवीवर लिहून आहे सारं."

"मले चष्म्याशिवाय मुंगीएवढं अक्षर दिसते का? बाईले पाहिजे म्हणालो, तवा हसला तू. दात काढाले टाइम होता, तोंड उघडाले नव्हता?"

"मले वाटलं, काकाजी मजाक करून राहिले. काकूच्या नावावर शेत असन."

दुकानातले दोघे-तिघे हसले. कवडूजी हसले नाहीत. "जहर विकतं, तर विचारून विक," एवढं बोलून ते बाहेर पडले.

वाटेत किराणा दुकानात सोललेल्या बियांचं पाकीट मिळालं. पांढुरके, स्वच्छ गर. ज्यात आपली बोटं सोलून निघाली ते काम कुठल्या तरी यंत्राने चुटकीसरशी केलेलं पाहून त्यांचं डोकं पुन्हा तापलं. पण बायको उपाशी होती. पाकीट घेतलं.

सोनिकाने तोवर चटणी फेकून कढई, खलबत्ता सगळं घासून ठेवलं होतं. "मी करू का, बाबा?"

"नाही."

पुन्हा मंद आच. पुन्हा कुटणं. या वेळी सोनिकाने आधी पाकीट वाचून दाखवलं. उपास गेला तेल लावत, म्हणून चिमूटभर चटणी कवडूजींनी स्वतःच्या जिभेवर ठेवली, जरा थांबले, आणि मगच ताट वाढलं.

कौशल्याबाई जेवायला बसल्या. समोर कवडूजींच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. दुकानदार कसा हसला, अक्षर कसं बारीक, बियाण्याची फळी कशी मोक्याच्या जागी आणि धोक्याची पाटी कुठेच नाही. चतकोर संपला. अर्धी भाकर संपली. कवडूजींचं लक्षच नव्हतं.

"अवो," कौशल्याबाई म्हणाल्या, "त्याले उद्या शिव्या देजा. आता भाकर वाढा."