कार्डाची कोरी बाजू

आमच्या ग्रंथपाल बिराजदार मॅडमशी माझी पहिली भेट फारशी सुखाची झाली नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. सोलापूरच्या गिरण्यांवरचा एक जुना लेख हवा म्हणून ग्रंथालयात गेलो. मॅडमनी विचारले, "असा लेख आहे हे आपल्याला कोणी सांगितलं, सर?" प्रश्न मला उद्धट वाटला. दोन दिवस शोधून त्यांनी दाखवून दिले की असा लेख कोणी लिहिलेलाच नव्हता. ज्यांनी मला सांगितले, त्यांच्या मनात तो लिहायचे होते, एवढेच.

ग्रंथालयात संगणक आले तेव्हा पुस्तकांच्या नोंदींची जुनी कार्डे रद्दीत निघाली. मॅडमनी ती ठेवून घेतली. इंटरनेटवर काही शोधायला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्या एक कार्ड देतात. कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहायच्या. हे कोणी सांगितले? त्यांनी पाहिले की ऐकले? त्याशिवाय प्रिंट मिळत नाही. मुले कुरकुरतात. स्टाफरूममध्ये आम्हीही याला 'जबाब नोंदवणे' म्हणत असू.

एकदा परीक्षा पुढे ढकलल्याचे पत्रक सगळ्यांच्या मोबाइलवर आले. शिक्का होता, सही होती. वसतिगृहातली मुले बॅगा भरून निघाली. मॅडमनी त्यांना फाटकातच थांबवले, विद्यापीठाचे संकेतस्थळ उघडायला लावले आणि पत्रक तिथे शोधा म्हणाल्या. ते नव्हते. परीक्षा ठरल्या दिवशीच झाली. अक्कलकोटकडचा एक विद्यार्थी प्रश्न विचारायला लाजायचा. त्याच्याशी त्या कन्नडमध्ये बोलू लागल्या. आता तोच नव्या मुलांना शोध कसा घ्यायचा ते दाखवतो.

पण त्या कार्डाचे मोल मला कळले ते सवितामुळे. सविता उजनीच्या पाण्याकाठच्या गावातली. धरणात गेलेल्या आपल्या जुन्या गावावर तिने माझ्या मार्गदर्शनाखाली प्रकल्प लिहिला होता. तो दुसऱ्या दिवशी स्पर्धेला जायचा होता. माझी सही झाली होती. त्यात एक वाक्य होते: गावदेवीची मूळ मूर्ती पाण्यात बुडाली, पाणी ओसरले की तिचा मुकुट दिसतो. आधाराला पाच संकेतस्थळे होती.

सविता प्रिंट घ्यायला ग्रंथालयात गेली तेव्हा मॅडमनी विचारले, घरी कोणाला विचारलेस का? सविताने तिथूनच आजोबांना फोन लावला.

"देवी बुडाली म्हनता?" आजोबा म्हणाले. "मग मी रोज सकाळी कुनाला पानी घालतो गं? पानी चढायच्या आदीच आमी चौगांनी उचलून वर आनली की."

सविता म्हणाली, "मला वाटलं, आपल्या देवळातली मूर्ती नंतर बसवलेली असेल. पाच ठिकाणी लिहिलं होतं, मॅडम."

मॅडमनी तिला पाचही ठिकाणचा मजकूर शेजारी शेजारी ठेवायला लावला. वाक्य एकच होते. चार संकेतस्थळांनी आधार दिला नव्हता. पाचव्याने आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे नाव दिले होते. मॅडमनी कपाटातून तो अंक काढला. लेख माझा होता.

दोघी मराठी विभागात माझ्याकडे आल्या. तो लेख माझा सर्वांत नावाजलेला. एक वाक्य तर आहे, राहू द्या, असे मी म्हणू शकलो असतो. सविताने ते मानलेही असते. मॅडमनी एक कार्ड टेबलावर ठेवले.

"दोनच ओळी आहेत, सर."

मी टेंभुर्णीच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत असताना एका प्रवाशाने ती गोष्ट सांगितली होती. गावात मी कधी गेलोच नव्हतो. मी लिहिले: अनोळखी प्रवासी. ऐकले.

मॅडमनी कार्ड सविताच्या हातात दिले. म्हणाल्या, "हे जपून ठेव. तुझ्या कामातला पहिला खरा पुरावा सरांनी दिलाय." माझी फजिती त्यांनी तिच्या हातातला पुरावा करून टाकली. त्या विषयावर पुन्हा त्या कधी बोलल्या नाहीत.

सविताने प्रकल्प स्पर्धेतून मागे घेतला. पुढच्या वर्षी तिने तो नव्याने लिहिला: एका ऐकीव गोष्टीचे पाच पुरावे कसे झाले. बक्षीस मिळाले नाही. मूर्ती उचलणाऱ्या चौघांपैकी हयात असलेल्या दोघांच्या मुलाखती मात्र त्यात आहेत. त्या दुसरीकडे कुठेही सापडणार नाहीत. वार्षिक अंकाच्या ग्रंथालयातील प्रत्येक प्रतीत दुरुस्तीची चिठ्ठी मी स्वतः चिकटवली. पाचपैकी दोन संकेतस्थळांनी वाक्य काढले. उरलेल्या तिघांना सविता अजून लिहिते आहे.

मॅडम यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. कार्डांचे चार खण अजून भरलेले आहेत, आणि ती संपेपर्यंत त्यांनी काम करावे असा माझा स्वार्थी हिशेब आहे. त्यांना उत्तम प्रकृती आणि मोठे आयुष्य लाभो. त्यांच्याविषयी इथे जे लिहिले, ते कोणी सांगितले असे त्या विचारतीलच. म्हणून कार्ड सोबत जोडत आहे. पहिल्या ओळीत माझे नाव आहे. दुसऱ्या ओळीत लिहिले आहे: पाहिले.