डाहोमीचे मामा

कुठेही चार माणसं चहाला बसली, की त्यांतल्या तिघांना बाजूला सारून राज्य बळकावणारा चौथा कोण, हे नुसत्या बशी धरण्याच्या पद्धतीवरून ओळखणारा माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा आतेभाऊ आहे. ते बायकोपेक्षा मोठे, म्हणून तिच्यामागोमाग मीही त्यांना दादा म्हणतो. माझी मुलगी मामा म्हणते, आणि सिंगापुरातली आमच्या ओळखीची झाडून सगळी मराठी मंडळी त्यांना 'डाहोमीचे मामा' म्हणतात. डाहोमी हा पश्चिम आफ्रिकेतला एक चिंचोळा देश. आता त्याचं नाव बेनिन आहे. फ्रेंचांचं राज्य गेल्यावर पहिल्या दहा-बारा वर्षांत तिथली सरकारं इतक्या वेळा उलथली की, मामांच्या शब्दांत सांगायचं तर, "भिंतीवर अध्यक्षांचा फोटो बदलायचा, खिळा तेवढा कायम!" त्या दहा-बारा वर्षांना मामांनी आपलं अख्खं आयुष्य वाहिलं. त्यात लग्न राहून गेलं, नोकरीत कायम होणं राहून गेलं, आणि गंमत म्हणजे खुद्द त्या देशात पाऊल टाकणंही राहून गेलं.

तर अस्थिरतेचा हा गाढा अभ्यासक संशोधनासाठी आला कुठे, तर सिंगापूरला! उपासाच्या घरात मटणाचा मसाला शोधण्यातला प्रकार. विद्यापीठाने दोन वर्षांचं काम दिलं होतं आणि बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमधली जास्तीची खोली रिकामीच होती. आल्याआल्या बॅग खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "वायफायचा पासवर्ड कुणाच्या हातात आहे?" मुलीच्या, असं मी म्हणालो. "मग या घरात राज्य तिचं. बंड करणारा आधी रेडिओ स्टेशन घेतो, जावईबापू. राजवाडा काय, संध्याकाळपर्यंत मिळतोच." मुलीने हे वाक्य कान टवकारून ऐकलं, इकडे तेव्हा माझं लक्ष नव्हतं. पुढे माझी आई पुण्याहून राहायला आली, तेव्हा मामा मला खाली लिफ्टपाशी गाठून कुजबुजले, "एका राजधानीत दोन सेनापती फार दिवस नांदत नाहीत. पोळ्या कोण लाटतंय तेवढ्यावर नजर ठेवा." मी हसण्यावारी नेलं. आठवड्याच्या आत आमच्या टेबलावर दोन पातेल्यांत दोन आमट्या आल्या, एकीत गूळ, एकीत नाही. मी कोणती घ्यावी या विचाराने घामाघूम झालो असताना मामांनी शांतपणे दोन्ही वाट्या भरून घेतल्या आणि दोन्ही संपवल्या. "अलिप्ततावाद," ते ढेकर देऊन म्हणाले.

त्यांचे अंदाज नेहमी खरे ठरत असं नाही. पण चुकले तरी ते हार मानत नसत. एकदा आंग मो किओला माझ्या ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली भरलेल्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांत, ते माझ्याबरोबर जेवायला आले. समोर आमचे साहेब बसले होते आणि त्यांच्या हाताखालच्या बाई त्यांचा ट्रे उचलून नेत होत्या. मामांनी चमचा खाली ठेवला. "ट्रे उचलणाऱ्यापासून सांभाळायला सांगा यांना. वर्षाच्या आत खुर्ची जाणार." वर्षाच्या आत त्या दोघांनी लग्न केलं. मी विजयी मुद्रेने घरी येऊन बातमी दिली. मामा म्हणाले, "मग? सत्तांतर झालंच की!"

आमचं एक छोटंसं मराठी नाट्यमंडळ आहे. त्याच्या अध्यक्षपदासाठी एका वर्षी तीन उमेदवार उभे राहिले: नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई, स्वतः नाटकं लिहिणारे एक आयटी मॅनेजर, आणि तिसरा मी. प्रकरण इतकं पेटलं की दिवाळीचा फराळ तीन घरी वेगवेगळा ठरला. शेवटी सगळ्यांनी मामांना मध्यस्थ नेमलं. आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांना त्यांच्या विषयातलं काही विचारत होतं. ते नवा शर्ट घालून आले. म्हणाले, "डाहोमीतही तीन पुढारी होते, तिघेही हट्टी. त्यांनी आळीपाळीने अध्यक्ष व्हायचं ठरवलं. तुम्हीही तसंच करा." टाळ्या पडल्या. आधी डॉक्टरीणबाई, मग मॅनेजर, मग मी. घरी परतताना बसमध्ये मला शंका आली. "दादा, तिथे हे टिकलं का हो?"

"पहिल्याने पाळी पुरी करून दुसऱ्याच्या हाती सत्ता दिली. अगदी हसतमुखाने."

"आणि मग?"

"मग काही महिन्यांत लष्कर आलं."

"आणि तिसरा?"

मामा खिडकीबाहेर बघू लागले. "तिसऱ्याची पाळी आली नाही."

डॉक्टरीणबाईंनी खरोखरच हसतमुखाने गादी सोडली. मॅनेजरांनी ती घेतली आणि पुढच्या दिवाळीला आपलं तीन अंकी ऐतिहासिक नाटक जाहीर केलं. मुलांना त्यात भालदार-चोपदार करून तासन्‌तास उभं ठेवलं. प्रयोगाच्या संध्याकाळी मॅनेजर प्रास्ताविकाला उठले, तर माइक जागेवर नाही. तो माझ्या मुलीच्या हातात होता, आणि तिच्यामागे सगळे भालदार-चोपदार ओळीने उभे होते. "नमस्कार मंडळी," ती म्हणाली. "कमिटी कॅन्सल. तीन अंकी पण कॅन्सल. आता आमचं नाटक. घाबरू नका लाह, जेवण मिळणार आहे." मी कपाळावर हात मारला, माझं अध्यक्षपद डोळ्यांदेखत चाललं होतं. शेजारी मामा मात्र खुर्चीच्या टोकावर आले होते. "पाहिलंत? आधी रेडिओ स्टेशन! आणि लगेच अन्नाची हमी!" सबंध आयुष्य ज्याच्याबद्दल नुसतं वाचलं, ते पहिल्यांदा डोळ्यांसमोर घडत होतं. मुलांनी अर्धं मराठी, अर्धं सिंग्लिश, म्हणजे शेपटाला 'लाह' लावणारं इथलं इंग्रजी, असं काहीतरी अफाट धमाल सादर केलं. लोक हसून हसून लोळले.

मी वळून पाहिलं, तर मामा जागेवर नव्हते. ते मागच्या दाराजवळ, रंगवलेल्या मिश्या तशाच ठेवून एकटे बसलेल्या मॅनेजरांशेजारी होते. दोघांच्या हातात ताटल्या होत्या. मामा त्यांच्या नाटकाचा दुसरा अंक त्यांच्याच तोंडून ऐकत होते, आणि मधूनमधून दाद देत होते. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "खुर्ची गेलेल्या माणसाला पहिल्या तासात कुणीतरी जेवायला विचारावं लागतं हो. इतिहासात ते फारसं कुणी केलेलं दिसत नाही."

त्याच वर्षी त्यांचं काम संपलं. विद्यापीठाने मुदत वाढवली नाही. त्यांनी ते आम्हाला पोहे खाताना सांगितलं, दुसऱ्याच कुणाची बातमी सांगावी तसं. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, त्यांना बेनिनमध्येच एका कॉलेजात वर्षभर शिकवायला बोलावणं आलं. चांगी विमानतळावर माझी बायको रडली, मुलगी रडली. मामा सुरक्षा तपासणीच्या रांगेत कोण कुणाच्या पुढे घुसतंय ते पाहत राहिले, आमच्याकडे पाहायला लागू नये म्हणून.

महिन्याभराने त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे मोटरसायकलींचा गलका, कपाळावर घाम. "कसा आहे तुमचा देश?" मी विचारलं.

"अहो, इथे त्या जुन्या सरकारांचं कुणाला काही पडलेलं नाही. विद्यार्थी मला सिंगापूरबद्दलच विचारतात. गाड्या खरंच वेळेवर येतात का, लोक मुकाट्याने रांग लावतात का. मी आपला तास तास सांगत बसतो." मोटरसायकली गेल्या असाव्यात, कारण पुढचं स्वच्छ ऐकू आलं. "सांगताना घरची फार आठवण येते हो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत कुठल्याही जागेला ते घर म्हणाल्याचं आम्ही दोघांनीही ऐकलं नव्हतं.